चौदा तांबे ताक

माणिकप्पांनी म्हैस पैजेवर लावली, तेव्हा तिच्या मालकिणीला विचारायचं राहूनच गेलं. हे त्यांच्या ध्यानात आलं घरी पोचल्यावर, उंबऱ्याबाहेर चपला काढताना. तोवर फार उशीर झाला होता. महादेवाच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसांसमोर, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून दिलेला शब्द होता तो. तसला शब्द माघारी घेता येत नाही, आणि माणिकप्पा तर घेणाऱ्यांतले नव्हतेच.

नीलम्मा गोठ्यात कस्तुरीची धार काढत होत्या. कस्तुरी म्हणजे तीच म्हैस. नीलम्मांचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदकडचं. त्यांच्या वडिलांनी लग्नात आंदण म्हणून जी म्हैस दिली, तिच्या पोटची ही पाचवी पिढी. नीलम्मा माणसांशी मराठी बोलत. देवाशी आणि म्हशीशी मात्र कन्नड.

"ती धाराशिवच्या संस्थेची पोरगी आलीय बघ गावात," माणिकप्पा गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणाले. "वैष्णवी का काय. कुणाच्या खाण्यापायी हवा किती तापती ते काढणार हाय. आपल्या गल्लीतली वीस घरं धरलीत. पंधरा दिवस रोज काय खाल्लं ते लिहून घ्यायचं. जो पहिला, त्याच्या दारावर बोर्ड. 'थंड ताटाचं घर.'"

"बरं मग?"

"मटनाचं ताट लई गरम असतंय म्हणली ती. तर शेजारचा रामकिसन हसाय लागला. म्हणतो, बघू की आप्पा, निकाल लागू द्या."

"अवो, मुद्द्याचं बोला. दूध निवायलंय."

"मी म्हणलं, रामकिसनच्या घरचं ताट माझ्या ताटाच्या पुढं गेलं, तर कस्तुरी त्याच्या दावणीला नेऊन बांधीन."

चरवीतला धारेचा आवाज थांबला.

"कस्तुरी कुणाची?" नीलम्मांनी विचारलं.

"आपली."

"कुणाची?"

"तुझी," माणिकप्पा बारीक आवाजात म्हणाले.

"अय्य शिवने! तुमची ती फटफटी हुती की लावायला!"

"फटफटी कोन घेतंय? किक मारू मारू मानूस मरतंय. अन् तू कशाला भितीस? सात पिढ्या ह्या घरात अंडं शिरलं न्हाय. रामकिसनकडं पंधरा दिवसाला मटन शिजतंय. म्हस जाती कुठं?"

हिशेब बिनतोड होता. नीलम्मांनाही तो पटला, पण राग काही गेला नाही. त्यांनी पुन्हा धार काढायला घेतली आणि कस्तुरीला कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं. त्यात दोनदा माणिकप्पांचा उल्लेख होता, एवढं त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी तक्ता घेऊन आली. मूळची तेरची पोर, चुणचुणीत, बोलायला गोड. ती आली तेव्हा दारात नेहमीची रांग होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात बारकी चरवी. ज्याच्या घरी दुभतं, त्याच्या दारात ताकाला माणूस येणार आणि आलेलं माणूस रिकामं जाणार नाही, ही गावची जुनी रीत. ताक विकायचं नसतं. कुणाकडे पाहुणे आले तर दूधही जायचं, कुणाचं लेकरू आजारी असलं तर दहीभातापुरतं दही. नीलम्मा पळी बुडवत होत्या आणि भांडी भरत होत्या.

"आप्पा, म्हैस किती दूध देते?" वैष्णवीनं विचारलं.

"सात लिटर. अं, साडेसातच लिही."

"डेअरीला किती घालता?"

"डेअरीला?" माणिकप्पांचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा झाला. "आमी दूध इकत न्हाईत."

"म्हणजे सगळं घरातच. माणसं सहा. तूप किती लागतं?"

"ते कुठं मोजतेत व्हय? भाकरीवर धार सोडली की ताटातलं मानूस 'पुरे' म्हणंस्तोवर हात मागं घेत न्हाईत आमच्यात. अन् 'पुरे' कोन म्हनतंय?"

वैष्णवी लिहीत गेली. तिचं पेन जितकं भराभर चालायला लागलं, तितके माणिकप्पा खुलत गेले. खव्याचे पेढे सांगितले, सायीचं दही सांगितलं. पोरीला आपल्या घरचा थाट कळतोय, असं त्यांना वाटत होतं.

"आणि हे ताक बाहेर जातं, ते किती?" तिनं दाराकडे पाहिलं. "ते तुमच्या आकड्यातून वजा करता येईल. ज्यांनी नेलं त्यांच्याकडे धरायचं."

"ते लिहू नको."

"अहो, पण तुमचा फायदाच—"

"बाई, दिल्यालं मोजायचं नसतं. माझ्या आज्यानं मोजलं न्हाय, बापानं मोजलं न्हाय. हिशेब करून द्यायला आमी काय वाटप सोसायटी हाव?"

वैष्णवीनं पेनाचं टोपण दातात धरलं, क्षणभर विचार केला आणि त्या रकान्यात शून्य घातलं. घेणाऱ्यांच्या तक्त्यांतही ताक आलं नाही. बाजारातून आणलेलंच सांगायचं, असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. फुकट आलेल्याला कोण धरतो?

यानंतरचे पंधरा दिवस माणिकप्पांनी मोठ्या सुखात घालवले. एरवी रामकिसनच्या घरातून रस्सा उकळल्याचा वास आला की ते खिडकी लावून उदबत्ती पेटवायचे. त्या रविवारी मात्र सकाळीच भिंतीवरून डोकावून त्यांनी हाक दिली.

"रामकिसन, रविवार हाय बरं का."

"ठावं हाय की आप्पा."

"न्हाय, इसरशील म्हणून म्हणलं. किलोभर आणणार का दीड?"

"दीड." रामकिसनला काही उमगेना. "तुमाला पाठवू का काय?"

"शिव शिव! तूच खा. पोटभर खा. पाव्हणेबिव्हणे बोलीव."

दुपारी वास सुटला तसे ते खाट ओढून खिडकीजवळ जाऊन पडले. नीलम्मांनी कपाळावर हात मारला.

निकाल महादेवाच्या सभामंडपात लागला. पहिला नंबर गजराबाईचा. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. भाकरी, हुलग्याचं माडगं, रानातली भाजी आणि माणिकप्पांकडचं ताक, एवढ्यावर तिचं चालायचं. तिला बोर्ड मिळाला. तो तिनं उलटसुलट करून पाहिला आणि पिंपावर झाकायला बरा आहे म्हणाली.

रामकिसन नववा आला. माणिकप्पांनी पुढची नावं ऐकली, मग त्याच्या पुढची ऐकली. एकोणिसावं नाव झालं तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला.

"विसावे, माणिकप्पा," वैष्णवी म्हणाली. तिचाही आवाज पडला होता.

"पोरी, कागद उलटा धरलाय का बघ."

"नाही आप्पा. मटणाचा आकडा किलोमागं मोठाच असतो. पण त्यांनी ते पंधरा दिवसांत एकदा खाल्लं. तुमच्याकडं म्हशीचं रोज तीन वेळा आहे. म्हैस रवंथ करते, तेव्हा तिच्या पोटात वायू तयार होतो अन् ढेकरातून बाहेर पडतो. तो हवेला फार तापवतो. एवढंसं तूप करायला किती दूध लागतं, तुम्हीच सांगा."

"म्हंजे ढेकर म्हशीनं दिला अन् नाव माझं?"

"दूध तुम्ही प्यायलात ना, आप्पा. ज्वारी, तूर, हुलगा, भाजीपाला यांचं ओझं हलकं. त्यांनी मटण कमी केलं तर त्यांचा आकडा उतरेल, तुम्ही तूप आखडलं तर तुमचा. सोडा असं कुणालाच म्हणत नाही मी."

सभामंडपात हशा पिकला. रामकिसन मात्र हसला नाही. तो उठून जवळ आला. "आप्पा, मस्करी हुती ती. जाऊ द्या."

"लिंगावर हात ठिवून मस्करी करतेत व्हय?" माणिकप्पा उठले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांना पुरतं कळलं होतं. घरी जाऊन त्यांनी कस्तुरीचा कासरा सोडला. नीलम्मा दारात उभ्या होत्या. त्यांनी म्हशीच्या कपाळाला विभूती लावली, पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या. माणिकप्पांशी बोलल्या नाहीत.

त्या नंतरही बोलल्या नाहीत. अगदीच सांगायची वेळ आली तर त्या सोप्यातल्या खांबाला सांगत. "खांबा, भाकरी वाढलीय म्हणावं." खांब काही म्हणत नसे. माणिकप्पा येऊन बसत. ताटात भाकरी, तुरीचं वरण, करडईची भाजी, जवसाची चटणी. चहा कोरा. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं भाकरी पुढे केली आणि धार पडायची वाट पाहत राहिले. मग आपणच हात मागे घेतला.

तिकडे रामकिसनच्या घरी निराळीच तऱ्हा. कस्तुरी त्याच्या बायकोला, द्वारकाबाईंना, अंगाला हात लावू देईना. "थांब की गं बाई" म्हटलं तरी लाथ, दटावलं तरी लाथ. मराठी तिला कळतच नव्हतं. शेवटी द्वारकाबाई भिंतीपाशी आल्या.

"नीलम्माकाकू, या की वो. पाया पडते. दोन चरव्या लवंडल्या आज."

नीलम्मा गेल्या. "निल्लव्वा, निल्लू," असं कन्नडमध्ये थांबायला सांगितल्याबरोबर कस्तुरी पुतळ्यासारखी उभी राहिली. तेव्हापासून दोन्ही वेळेला आपलीच म्हैस पिळायला नीलम्मा शेजारी जाऊ लागल्या. येताना डोळे पुसत येत. माणिकप्पा ते बघत आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरत. ते उलटं धरलंय, हेही त्यांना कळत नसे.

आणि ताकाची रांग? ती म्हशीमागोमाग गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळे तांबे रामकिसनच्या दारात. द्वारकाबाई पहाटे उठून ताक घुसळायच्या. सून माहेरी बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे रवी त्यांच्याच हातात. चौथ्या दिवशी त्यांचे दंड भरून आले.

"अवो, ही म्हस देऊन टाका," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"दोनदा घेऊन गेलो. आप्पा कासरा धरत न्हाईत."

"मग ताक तरी बंद करा."

"ताकाला आल्याला न्हाय म्हणू? गाव तोंडात शेण घालील माझ्या."

द्वारकाबाईंनी मग एक केलं. चुलीतला कोळसा घेतला आणि परड्याच्या भिंतीवर रेघा ओढायला सुरुवात केली. कुणी किती तांबे नेले, कुणी दूध नेलं, सगळं रोजच्या रोज. माणिकप्पांच्या आज्याची शिकवण त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती, आणि दंड तर त्यांचेच दुखत होते. चौदा घरं होती. माणिकप्पांचं पंधरावं काही येत नव्हतं.

ते आलं यळवशीला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी झाली, उंडे झाले, गव्हाची खीर झाली. पण अंबिलीला ताकच नव्हतं. ज्वारीच्या पिठाची, आंबूस ताकाची ती अंबील माठात नसेल तर यळवस कसली? पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं?

"खांबा," नीलम्मा म्हणाल्या, "अंबील करायची का न्हाय म्हणावं."

माणिकप्पा उठले. खांद्यावर उपरणं टाकलं, त्याखाली तांब्या धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात ताकाला गेले. दारात उभे राहिले आणि आधी हवापाण्याचं बोलले. मग हरभऱ्याचं बोलले. मग धरणात पाणी किती आहे ते विचारलं.

द्वारकाबाईंनी उपरण्याचा फुगवटा पाहिला. "आप्पा, ताकाला आलासा न्हवं? मग भांडं कशापायी लपीवता?"

माणिकप्पांनी तांब्या पुढे केला. द्वारकाबाईंनी तो काठोकाठ भरला आणि आत जाऊन भिंतीवर पंधराव्या घराची रेघ ओढली.

म्हैस गेल्यापासून वैष्णवीनं पुन्हा पंधरा दिवसांचे तक्ते भरून घेतले होते. यळवशीनंतर त्या दुसऱ्या फेरीचा निकाल होता. ह्या पंधरा दिवसांत गजराबाईकडे भाची लेकरांसह राहून गेली होती, त्यामुळे तिचं ताट जरासं तापलं. पहिला नंबर माणिकप्पांचा. रामकिसन विसावा.

माणिकप्पांच्या हातात बोर्ड आला. ज्यासाठी म्हैस गेली, तो हाच बोर्ड. त्यांनी तो गुडघ्यावर उभा धरला आणि कुणी टाळ्या वाजवल्या तेव्हा मान खाली घातली. बायकांत बसलेल्या नीलम्मा दुसरीकडे बघत होत्या.

"थांबा वो बाई!" द्वारकाबाई उठल्या. "मटनाचं एक हाडूक शिजलं न्हाय माझ्या घरात. वेळच कुठं हुता? अन् आमी विसावे? अर्ध्याच्या वर दूधताक तर गल्लीनं नेलंय. या माझ्या परड्यात, भिंत बघा."

सगळं गाव भिंत बघायला गेलं. वैष्णवीनं रेघा मोजल्या, मान डोलावली. "काकू, हे बरोबर आहे. हे तुमच्यातून वजा होईल." मग ती थबकली. "पण मग पहिल्या फेरीत आप्पांचंही वजा व्हायला हवं होतं. आप्पा, तेव्हा रोज किती जायचं? तुम्ही नुसतं सांगा, मी आत्ता निकाल दुरुस्त करते."

सगळे माणिकप्पांकडे बघायला लागले. नीलम्माही. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. म्हैस परत यायला एक आकडा पुरेसा होता, आणि तो आकडा माणिकप्पांना तोंडपाठ होता.

माणिकप्पांचे ओठ हलले. त्यांनी बोर्ड ह्या हातातून त्या हातात घेतला. कस्तुरीकडे बघितलं. तिच्यामागच्या दावणीकडे बघितलं.

"न्हाय बाई," ते म्हणाले. "दिल्यालं मोजायचं नसतं."

नीलम्मांनी डोळे मिटले. "अय्य शिवने," एवढंच त्या म्हणाल्या.

मग गर्दीतून गजराबाई काठी टेकत पुढे आली. "देणाऱ्यानं मोजू न्हाय, खरं हाय. पर घेणाऱ्यानं इसरावं असं कुठं लिवलंय? लिव्ह गं पोरी. म्या रोज दोन तांबे नेलेत. एक प्यायला, एक माडग्याला."

"आजी, तुमचा पहिला नंबर जाईल त्यानं."

"जाऊ दे की. त्या बोर्डात ताक वतून पिता येतंय व्हय?"

तिच्या मागे एकेक जण बोलू लागला. माझा एक. आमचा एक, पाव्हणे आले तवा दूध बी. आमच्या पोराला दही. वैष्णवीला लिहायला कागद पुरेना. शेवटी रामकिसन राहिला. त्यानं घसा खाकरला.

"आमची एक चरवी."

"चरवी?" द्वारकाबाई गरकन वळल्या. "कळशी न्यायचे मी! दिसाआड कढी व्हायची ती कशाची? लिवा बाई, कळशी!"

वैष्णवीनं तिथंच, गव्हाणीवर कागद ठेवून आकडेमोड केली. पहिल्या फेरीत माणिकप्पा विसावे नव्हतेच. ते दहावे होते. आणि रामकिसन अकरावा.

"एका नंबरानं," रामकिसन म्हणाला आणि घाईघाईनं कासरा सोडायला धावला. हरलेला माणूस इतका खूश झालेला गावानं कधी पाहिला नव्हता. द्वारकाबाईंनी कस्तुरीची ओटी भरली, पण मनातून त्या तिला ढकलतच होत्या. नीलम्मा पुढे झाल्या. "बा अव्वा, बा," म्हणाल्या. कस्तुरी मागं न बघता घरी निघाली, आणि नीलम्मा सगळ्यांदेखत तिच्या मानेला मान लावून रडल्या. माणिकप्पा मागून बोर्ड घेऊन चालत होते. त्यांचेही डोळे भरून आले होते. या खेपेला तोंडापुढे धरायला वर्तमानपत्र नव्हतं. बोर्ड होता, तोच त्यांनी धरला.

दुसऱ्या सकाळी तांबे पुन्हा जुन्या दारात लागले. गजराबाईचे दोन, बाकीच्यांचे एकेक. द्वारकाबाई मात्र या खेपेला कळशी न आणता चरवी घेऊन आल्या. रवी धरून दंड भरून आल्यापासून कढी आठवड्यातून एकदाच करायची ठरवलंय, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

दुपारी माणिकप्पांनी चौकटीवर खिळा ठोकून बोर्ड लावला, चार पावलं मागे जाऊन बघितला आणि हात धुऊन ताटावर बसले. घरात कढवलेल्या तुपाचा वास सुटला होता. त्यांनी भाकरी कुस्करली, वरण घेतलं आणि ताट पुढे सरकवलं.

नीलम्मा तुपाचं भांडं घेऊन आल्या. त्यात चमचा होता. एक चमचा त्यांनी वरणावर घातला आणि भांडं झाकलं.

"अगं, धार—"

"बोर्ड ठेवायचाय का काढायचाय?" त्या म्हणाल्या. खांबाला नव्हे, थेट त्यांनाच.

माणिकप्पांना इतका आनंद झाला की तुपाचं त्यांना क्षणभर काही वाटेना. मग वाटलं. "पर आपल्यात मोजायची रीत न्हाय."

"दिल्यालं मोजायची न्हाय," नीलम्मा म्हणाल्या. "खाल्ल्यालं आजपासनं मी मोजणार."

माणिकप्पांनी वर चौकटीकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. शेजारून रामकिसनच्या घरातून रश्श्याचा वास येत होता, रविवार होता. त्यांनी उठून खिडकी लावली आणि येऊन जेवायला बसले.